अपुरं संशोधन चारचौघांत मांडलं की काय होतं?

२०१५ ही संख्या घ्या. नाशिककरांना ती वेगळी सांगायला नको, त्या वर्षी गोदाघाटावर सिंहस्थ होता. तिच्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहा: ५२१०. मग चढत्या क्रमाने: ०१२५. वजाबाकी केली की ५०८५ येतात. आता ५०८५ ला हेच करा. पुढे ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ असं करत सातव्या वजाबाकीला ६१७४ येतं. त्यानंतर कितीही वेळा करा, उत्तर ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती इथेच येऊन थांबते.

हा शोध देवळालीचा आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शाळेत शिकवत होते. ६१७४ चा हा गुण त्यांना सापडला, त्यांनी तो १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठात जागा नव्हती. आपल्या संख्यांवरच्या लहान लहान पुस्तिका ते स्वतःच छापून काढत. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या लोकप्रिय गणित सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगभरचे लोक या संख्यांशी खेळू लागले. कापरेकर तोवर सत्तर वर्षांचे झाले होते.

मधल्या सव्वीस वर्षांत या शोधात काहीच कमी नव्हतं. ज्याला तो पाहून पुढचा प्रश्न सुचला असता, त्या माणसापर्यंत तो पोहोचण्याची सोय नव्हती. तीन अंकी संख्यांत हाच प्रकार ४९५ ला जाऊन थांबतो, पाच अंकी संख्यांत मात्र एकच थांबा नसतो, फेरे पडतात. असे प्रश्न एकातून एक निघत जातात आणि प्रत्येकाला वेगळा माणूस लागतो. ती माणसं एकमेकांना सापडावीत म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी इंटरनेटवर काय व्यवस्था उभ्या केल्या, त्या कुठे चालल्या आणि कुठे अडकल्या, हे इथे सांगायचं आहे.

विज्ञानात एकमेकांचं काम वाचून पुढे जाण्याची रीत जुनीच. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ पासून निघतं आहे. पण नियतकालिकात छापून येतं ते पुरं झालेलं काम. सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत बसलेली असते, प्रयोगाचे आकडे जुळलेले असतात. वाटेतले फसलेले प्रयत्न, 'इथे काहीतरी आहे असं वाटतंय पण पुढे जमेना' अशी टिपणं, नको ते निघालेले निकाल, हे सगळं वहीत आणि कपाटात राहतं. खुल्या सहकार्यात हे कपाटच उघडलं जातं. काम कच्चं असतानाच ते कुणालाही दिसेल असं ठेवायचं आणि ओळखदेख नसलेल्या माणसांना त्यात हात घालू द्यायचा. माझ्या मते यातली मोठी गोष्ट हीच आहे. वेग वाढतो, खर्च वाचतो, हे सगळं त्यामागून येतं.

फुली-गोळ्याचं अवघड प्रमेय

जानेवारी २००९ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर जाहीरपणे विचारलं की खूप माणसांनी मिळून एकच गणित सोडवता येईल का. गॉवर्स १९९८ चे फील्ड्स पदकाचे मानकरी, म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस या क्षेत्रातल्या अगदी वरच्या पायरीवरचा होता. त्यांनी एक प्रमेय निवडलं आणि सगळ्या जगाला बोलावलं. उपक्रमाला नाव मिळालं पॉलिमॅथ.

ते प्रमेय समजून घेणं वाटतं तेवढं कठीण नाही. फुली-गोळ्याचा नऊ घरांचा चौकोन काढा. आता फक्त फुल्याच मारायच्या, पण आडव्या, उभ्या किंवा तिरक्या ओळीत तीन फुल्या येऊ द्यायच्या नाहीत. एक तिरकी ओळ मोकळी सोडली तर बाकीच्या सहाही घरांत फुल्या मारता येतात. सातवी मारली की कुठली तरी ओळ पुरी होतेच, कारण मोकळी घरं उरतात दोन आणि आडव्या ओळी आहेत तीन. म्हणजे या चौकोनात दोन तृतीयांश घरं भरेपर्यंत ओळ टाळता येते.

आता हाच खेळ सत्तावीस घरांच्या ठोकळ्यात, तीन मितींमध्ये खेळा. मग चार मितींत, शंभर मितींत. हे डोळ्यांपुढे येत नाही, पण कागदावर मांडता येतं. चौकोनात प्रत्येक घराचा पत्ता दोन आकड्यांचा असतो, ठोकळ्यात तीन आकड्यांचा, तसा शंभर मितींत शंभर आकड्यांचा. प्रमेयाचं म्हणणं असं, की मिती पुरेशा वाढवल्या तर घरांचा अगदी लहान हिस्सा, समजा हजारातलं एकच घर भरलं, तरी कुठेतरी सरळ ओळ झाल्यावाचून राहत नाही. कितीही हुशारीने फुल्या पसरा, ओळ टळत नाही.

हे खरं आहे हे फुर्स्टेनबर्ग आणि कॅट्झनेल्सन यांनी १९९१ मध्येच सिद्ध केलं होतं. पण त्यांनी गणिताच्या एका दूरच्या शाखेतली जड साधनं वापरली होती. गॉवर्सना मोजणीच्या साध्या युक्तिवादांवर उभी असलेली नवी सिद्धता हवी होती. १ फेब्रुवारी २००९ ला काम सुरू झालं. अगदी सुरुवातीलाच बोलू लागलेल्यांत व्हँकुव्हरच्या विद्यापीठातले एक गणितज्ञ होते, ॲरिझोनातला एक शाळाशिक्षक होता आणि फील्ड्स पदक मिळवलेले टेरेन्स ताओही होते. सदतीस दिवसांनी गॉवर्सनी जाहीर केलं की प्रश्न बहुधा सुटला आहे. तोवर सत्तावीस जणांनी मिळून सुमारे ८०० नोंदी लिहिल्या होत्या. पुढे ही सिद्धता गणितातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात छापून आली. लेखकाच्या जागी नाव होतं डी. एच. जे. पॉलिमॅथ, प्रमेयाच्या नावातलीच आद्याक्षरं घेऊन बनवलेलं.

शाळाशिक्षक आणि फील्ड्स पदकाचा मानकरी एकाच फळ्यावर लिहितात, हे मला या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं. देवळालीच्या शिक्षकाला असा फळा मिळाला नव्हता.

हे जमलं ते गॉवर्सनी आधी घालून दिलेल्या नियमांमुळे. मनात आलेला एक छोटा विचार लगेच मांडायचा, तो पक्का होईपर्यंत थांबायचं नाही. एकट्याने कोपऱ्यात बसून आठवडाभर खपायचं आणि मग तयार लाडू आणून ठेवायचा, हे नको. बाळबोध वाटणारा विचार मांडायला पूर्ण मुभा. दुसऱ्याची चूक दाखवायची ती सभ्यपणे. नोंद छोटी आणि सगळ्यांना कळेल अशी लिहायची.

यातला पहिला नियम पाळणं शास्त्रज्ञांना सर्वांत जड जातं. चुकीचं काही लिहिलं तर नाव जाईल आणि बरोबर लिहिलं तर कल्पना दुसराच उचलेल, या दोन भीतींवर संशोधकाचं सगळं प्रशिक्षण झालेलं असतं. पण विचार लवकर मांडला की दोन गोष्टी होतात. चुकीची वाट असेल तर 'हे आम्ही करून पाहिलंय, इथे अडतं' असं कुणीतरी तासाभरात सांगतं आणि पुढचे दोन महिने वाचतात. वाट बरोबर असेल तर जिथे आपण अडलो ती पायरी ज्याच्या रोजच्या कामातली आहे, असा माणूस कुठेतरी जागा असतो.

पुढचं उदाहरण मूळ संख्यांचं. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा दोनच्या अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या कधी संपतात का, हा फार जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी पहिल्यांदाच दाखवलं की निदान ७ कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या तरी कधीच संपत नाहीत. ७ कोटी हा आकडा खाली आणता येणार हे दिसत होतं. ताओंच्या पुढाकाराने पॉलिमॅथचा आठवा उपक्रम सुरू झाला. झांग यांच्या सिद्धतेतली एकेक पायरी घेऊन कुणी ती थोडी घट्ट केली, कुणी संगणकाचा कार्यक्रम सुधारला, आणि काही महिन्यांत आकडा ४६८० वर आला. त्याच वर्षाअखेर जेम्स मेनार्ड यांनी वेगळ्या वाटेने तो ६०० वर आणला. मग मेनार्डही सामील झाले आणि २०१४ मध्ये सगळ्यांनी मिळून तो २४६ पर्यंत नेला.

इथे खुलं सहकार्य इतकं चपखल का बसलं? कारण खाली आणायचा एक आकडा सगळ्यांसमोर होता. साखळीतली कुठलीही कडी कुणीही सुधारली तरी त्याचा परिणाम त्या आकड्यात लगेच दिसे. मेनार्डची झेप मात्र एकट्याची होती, हेही ध्यानात ठेवायला हवं. गर्दीने एकट्या माणसाची गरज संपवली नाही.

जे सुटलं नाही ते

पॉलिमॅथचे सगळे उपक्रम यशस्वी झाले असं नाही. बरेचसे सुरू झाले, काही आठवडे रंगले आणि विरले. कारणं समजण्यासारखी आहेत. चर्चा शे-दोनशे नोंदींपुढे गेली की नव्या माणसाला मागचं सगळं वाचून आत शिरणं कठीण होतं. मग पहिल्या दिवसापासून असलेली पाच-सहा माणसंच उरतात. त्यांची सुट्टी संपते, परीक्षा येतात. कुणीतरी दर काही दिवसांनी 'आपण इथवर आलो आहोत' असा सारांश लिहून ठेवला नाही तर काम बंद पडतं. सारांश लिहिणाऱ्याचं नाव शोधनिबंधात ठळक दिसत नाही, पण तो नसला तर निबंधच होत नाही.

तरीही एका अडकलेल्या उपक्रमाची गोष्ट सांगायलाच हवी. पॉलिमॅथचा पाचवा उपक्रम गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी १९३० च्या दशकात घातलेल्या एका कोड्यावर होता. अधिक एक आणि उणे एक यांची न संपणारी माळ घ्या. तिच्यातलं प्रत्येक दुसरं, किंवा प्रत्येक तिसरं, किंवा प्रत्येक दहावं पद उचलत बेरीज करत जा. सगळ्याच बेरजा कायम लहान राहतील अशी माळ बनवता येते का? २०१० मध्ये यावर झटून काम झालं. प्रश्नाचं रूप बदलून देणारी एक महत्त्वाची पायरीही सापडली. पण उत्तर मिळालं नाही आणि काम थांबलं. सगळी टिपणं मात्र उघडी राहिली. २०१५ मध्ये ताओ दुसऱ्याच एका विषयावर लिहीत असताना एका वाचकाने सुचवलं की याचा त्या जुन्या कोड्याशी संबंध असावा. ताओंनी तपासलं, पॉलिमॅथची ती पायरी हाताशी घेतली आणि कोडं सोडवलं. अशी माळ बनवता येत नाही.

हे काम कपाटात असतं तर 'फसलेला प्रयत्न' म्हणून तिथेच संपलं असतं.

अनोळखी माणसाचं काम बरोबर कशावरून?

आपल्याकडे इर्जिक असते. एकाच्या शेतात सगळा गाव औतं घेऊन येतो आणि नांगरट उरकून टाकतो. तिथे काम कोणतं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाचा तास वाकडा गेला तर तो बांधावरून दिसतो. संशोधनात या दोन्ही गोष्टी मुद्दाम घडवाव्या लागतात: काम वाटता येईल अशा तुकड्यांत तोडायचं, आणि प्रत्येक तुकडा तपासता येईल अशी तजवीज करायची.

खगोलशास्त्रातला गॅलेक्सी झू हा उपक्रम जुलै २००७ मध्ये सुरू झाला. एका मोठ्या दुर्बीण सर्वेक्षणातून सुमारे दहा लाख दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रं जमली होती. सर्पिल कोणती आणि लंबगोल कोणती हे ओळखायचं होतं. त्या काळी संगणकापेक्षा माणसाचा डोळा यात सरस होता, पण संशोधकांचे डोळे मूठभर. चित्रं लोकांसमोर ठेवली. पहिल्या वर्षभरात दीड लाखांच्या आसपास माणसांनी ५ कोटींवर वर्गीकरणं केली. एकेक दीर्घिका अनेकांना दाखवली जाई, त्यामुळे एखाद्याचा अंदाज चुकला तरी बाकीच्यांच्या मतांत ती चूक विरघळून जाई.

पण सगळेच एकाच दिशेने चुकले तर? तसं झालं. सर्पिल दीर्घिका कोणत्या दिशेला वळते हे विचारलं होतं आणि उत्तरांत घड्याळाच्या उलट दिशेचं पारडं जड निघालं. हे खरं असतं तर विश्वाबद्दलचा फार मोठा शोध ठरला असता. संशोधकांनी काही चित्रं आरशात दिसतात तशी उलटी करून दाखवली. आता आकडे उलटायला हवे होते. उलटले नाहीत, लोकांना अजूनही घड्याळाच्या उलट दिशाच जास्त दिसत होती. म्हणजे कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेत होता. गर्दीकडून काम करून घेणाऱ्याने गर्दीची परीक्षा कशी घ्यायची, याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरा ठाऊक नाही.

गणितात तपासणीचं काम आता संगणकाकडे चाललं आहे. लीन नावाची एक प्रणाली आहे. सिद्धता तिच्या भाषेत लिहिली की ती प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे का हे तपासते आणि एक जरी पायरी निसटली तरी अडवते. २०२३ च्या अखेरीस गॉवर्स, ग्रीन, मॅनर्स आणि ताओ यांनी सिद्ध केलेलं एक नवं प्रमेय वीस-पंचवीस स्वयंसेवकांनी सुमारे तीन आठवड्यांत या भाषेत उतरवलं. आधी सिद्धतेचा एक नकाशा केला होता: कोणती पायरी कशावर उभी आहे, कोणती झाली, कोणती घ्यायला मोकळी आहे. ज्याला जी जमेल ती त्याने उचलायची. पाठवणारा प्राध्यापक आहे की बारावीचा विद्यार्थी, हे पाहण्याची गरज उरत नाही. लीनने हिरवा कंदील दिला की पायरी बसली.

पुढच्याच वर्षी ताओंनी हे आणखी पसरवून पाहिलं. बीजगणितातले ४६९४ साधे नियम घेतले आणि प्रत्येक नियमामुळे दुसरा आपोआप खरा ठरतो का, असं विचारलं. असे प्रश्न होतात २ कोटी २० लाख २८ हजार ९४२. एका माणसाच्या आयुष्यात हे मावणारं नाही. माणसं आणि संगणक मिळून त्यातले बहुतेक काही आठवड्यांत निकालात निघाले.

जिवाशी संबंध येतो तेव्हा

गणितात उशीर झाला तर कुणाचा जीव जात नाही. रोगांच्या बाबतीत तसं नाही, म्हणून तिथे खुलेपणाचा प्रश्न जास्त टोकदार आहे.

मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत जगाला खुला करायचा. शोधनिबंध होईपर्यंत थांबायचं नाही, पेटंटसाठी अडवायचं नाही. आज जगातला कुठलाही विद्यार्थी तो क्रम फुकट उतरवून घेऊ शकतो, त्याचं मूळ त्या ठरावात आहे.

भारतात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, २००८ मध्ये क्षयरोगाच्या औषधांसाठी खुला उपक्रम सुरू केला. समीर ब्रह्मचारी तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. क्षय हा मुख्यतः गरिबांचा आजार, त्यात नफा कमी, म्हणून मोठ्या औषध कंपन्यांना त्यात रस कमी. क्षयाच्या जंतूचा जनुकसंच १९९८ मध्येच वाचून झाला होता, त्यात सुमारे ४००० जनुकं आहेत. पण त्यातली कित्येक काय काम करतात हे नीट ठाऊक नव्हतं, आणि जी माहिती होती ती असंख्य निबंधांत विखुरलेली होती. या उपक्रमात देशभरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ती जनुकं वाटून घेतली, एकेका जनुकाबद्दलचं सगळं वाचलं आणि एका जागी मांडलं. प्रयोगशाळा नसलेल्या गावातल्या मुलालाही हे करता आलं. माहिती गोळा झाली म्हणजे औषध हाती आलं असं होत नाही. रेणू बनवणं, प्राण्यांवर आणि मग माणसांवर चाचण्या, याला पैसा आणि वर्षं लागतात आणि तिथे नुसत्या स्वयंसेवेवर भागत नाही.

कोविडच्या काळात खुली माहिती आणि प्रत्यक्ष रेणू बनवून तपासणं हे दोन्ही एकत्र आणण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. विषाणूचा जनुकक्रम जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात खुला झाला आणि त्यावरून आखलेल्या लशीचा पहिला डोस १६ मार्चला एका स्वयंसेविकेला दिलाही गेला. त्याच महिन्यात कोविड मूनशॉट सुरू झाला. विषाणूला आपली प्रथिनं कापून तयार करायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. ते निकामी करणारा रेणू शोधायचा होता. ब्रिटनमधल्या प्रयोगशाळेने त्या विकराला कोणते छोटे तुकडे कुठे चिकटतात याची चित्रं उघडी केली आणि जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना विचारलं, आता रेणू कसा असावा? १८ हजारांहून जास्त आराखडे आले. त्यातले २४०० हून अधिक रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले गेले. फसलेल्यांचे निकालही उघडे ठेवले आणि पेटंट घेतलं नाही.

आता दुसरी बाजू. खुलेपणाचा फायदा सगळ्यांना सारखा मिळतोच असं नाही. बर्ड फ्लूच्या साथीत इंडोनेशिया आपले विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देत होता. त्यावरून परदेशी कंपनी लस बनवते आहे आणि ती लस आपल्याच लोकांना परवडणार नाही, हे दिसल्यावर २००७ मध्ये त्या देशाने नमुने देणं थांबवलं. यावर बरीच टीका झाली. मला इंडोनेशियाची बाजू न्याय्य वाटते. जो रोग सोसतो आणि नमुने देतो, त्याला औषधात वाटा हवाच. या वादातून २००८ मध्ये फ्लूच्या विषाणूंची माहिती वाटण्याची नवी व्यवस्था आली, जिच्यात माहिती देणाऱ्याचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. २०११ मध्ये नमुने आणि लाभ यांची सांगड घालणारी आंतरराष्ट्रीय चौकटही ठरली. एवढं होऊनही नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली, तेव्हा त्यांच्या देशाला पहिलं उत्तर मिळालं ते विमानबंदीचं. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा देश सांगायला कचरणार.

श्रेयाचा प्रश्न लहान पातळीवरही असाच आहे. डी. एच. जे. पॉलिमॅथ या नावामागे राहणं ताओ-गॉवर्सना परवडतं. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला नोकरीच्या मुलाखतीत स्वतःच्या नावाचा निबंध दाखवावा लागतो. खरं तर उघड्या कामात कोणी काय सुचवलं हे तारीख-वेळेसकट नोंदलेलं असतं. दहा नावांच्या शोधनिबंधात कोणी किती केलं हे बहुधा इतकं नेमकं कळत नाही. मुलाखत घेणाऱ्या समित्यांनी अशा नोंदी वाचायला सुरुवात करायला हवी.

आपल्या भागातून आत शिरायचं तर

नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावच्या जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथल्या निरीक्षणांची चित्रं वाचून वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका शोधायला विद्यार्थ्यांना शिकवणारा आरएडी ॲट होम हा भारतीय उपक्रम २०१३ पासून चालू आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा.

त्याहून सोपी वाट निफाड तालुक्यात आहे. नांदूरमधमेश्वर हे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. हिवाळ्यात तिथे जाणारे पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरतात. अशा देशभरच्या ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर भारतातल्या पक्ष्यांचा २०२३ चा अहवाल उभा आहे, त्यात ९४२ जातींची स्थिती सांगितली आहे. इथे एक तपशील फार महत्त्वाचा. फक्त रोहित (फ्लेमिंगो) किंवा दुर्मीळ बदक दिसलं तेवढंच लिहू नये. किती वेळ पाहिलं, आणि त्या वेळात ओळखलेला प्रत्येक पक्षी, कावळा आणि साळुंकीसुद्धा, यादीत हवा. पूर्ण यादीत चिमणी नसेल तर 'चिमणी दिसली नाही' ही माहिती मिळते. अर्धवट यादीत तिचं नसणं काहीच सांगत नाही. चिमणी देशभर एकूण टिकून आहे, पण मोठ्या शहरांत घटली आहे, हे २०२० च्या अहवालात सांगता आलं ते अशा पूर्ण याद्यांमुळे. एखादी अनपेक्षित नोंद आली तर त्या भागातले जाणकार निरीक्षकाला विचारतात, फोटो मागतात. रागवू नये, ती तपासणीच आहे.

द्राक्षबागायतदारांच्या घरात जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं आता बरीच आहेत. द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये फ्रेंच आणि इटालियन शास्त्रज्ञांनी वाचून खुला केला, फळपिकांतला तो पहिला. डावणी आणि भुरी या रोगांना काही वेली कशा तोंड देतात याचा शोध घेणाऱ्याला ती सामग्री घरबसल्या उतरवता येते.

आणि ज्यांना संख्यांचं वेड आहे त्यांच्यासाठी पूर्णांकांच्या मालिकांचा ऑनलाइन कोश आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना कार्डांवर मालिका टिपायला सुरुवात केली, १९९६ मध्ये कोश इंटरनेटवर आला. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत आणि त्या जगभरच्या व्यावसायिक आणि हौशी गणितप्रेमींनी भरल्या आहेत. एखाद्या कामात १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ असे आकडे आले आणि पुढे काय ते कळेना, तर ते तिथे शोधायचे. कोश सांगतो की ही मालिका ए००३०५२: ज्या संख्या कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाहीत त्या. २१ तशी होते, कारण १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. २० मात्र कशातूनच होत नाही. कापरेकरांनी अभ्यासलेल्या या संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात.

या कोशात नवी मालिका द्यायला पदवी लागत नाही. नाव नोंदवायचं, मालिकेची व्याख्या, पहिली काही पदं आणि ती कशी काढली ते लिहायचं. स्वयंसेवक संपादक मसुदा वाचतात. पहिला मसुदा बहुधा प्रश्नांसह परत येतो: व्याख्या अजून स्पष्ट करा, अमुक पद पुन्हा तपासा, हीच मालिका दुसऱ्या नावाने आधीच आहे का ते पाहा. उत्तरं देत दुरुस्त्या करत जायचं. संपादकांचं समाधान झालं की मालिका कोशात प्रसिद्ध होते आणि देणाऱ्याचं नाव व तारीख तिच्याखाली कायम राहते.